भास्करची वर्दी

कोकणातल्या घराचा सातबारा वाचणं हा करमणुकीचाच प्रकार आहे. आमच्या उताऱ्यावर इतकी नावं आहेत की ती सगळी मंडळी एकाच गणपतीला आली, तर ओटीवर टेकायला जागा मिळायची नाही. पण ती येत नाहीत. काही वारली, काही डोंबिवलीत आहेत, काहींना आपलं इथे नाव आहे हेच ठाऊक नाही. उलट जे इथे बारा महिने राहतात, त्यांच्यातल्या एकाचीही नोंद तलाठ्याकडे नाही. माळ्यावर उदमांजर आहे. न्हाणीमागच्या गडग्यात धामण आहे. विहिरीच्या कठड्यातला एक चिरा निखळलाय, तिथे घोरपड ऊन खात असते. मुंगसाची जोडी रोज सकाळी माडांच्या आळ्यांतून पाहणी करून जाते. कूळकायदा नीट लावला, तर पहिला हक्क रानडुकराचा निघेल, कारण आमच्या परसात नांगरट म्हणावी अशी गेल्या काही वर्षांत फक्त त्यानेच केली आहे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं गुहागर तालुक्यातल्या या घरी राहायला आलो, तेव्हा आपण ‘आपल्या’ घरी आलो असं आम्हाला वाटत होतं. या मंडळींनी तसं काही मानलं नाही. त्यांनी आम्हाला हाकलूनही दिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. आम्ही यायच्या आधी ज्या वाटेने जात-येत होते, त्याच वाटेने ते जात राहिले. ती वाट आता आमच्या पडवीतून जाते, हा आमचा प्रश्न.

मग कुत्रा आला. मुलगा जर्मनीला निघाला तेव्हा ‘बाबा, सहा-आठ महिने सांभाळा’ म्हणून आपला लॅब्रॅडोर सोडून गेला. सोबत एक गादी, एक रेनकोट, दोन बाउल आणि सूचनांचा छापील कागद. त्याला जेवण किती वाजता लागतं, कोणत्या शॅम्पूची अ‍ॅलर्जी आहे, एकटं ठेवलं तर कसं उदास वाटतं, हे सगळं त्यात होतं. विंचवाबद्दल एक अक्षर नव्हतं. पुण्यात सातव्या मजल्यावर वाढलेल्या या प्राण्याने तोवर पाहिलेलं सर्वांत हिंस्र जनावर म्हणजे कबूतर.

नाव ऑस्कर. शेजारच्या अण्णांनी पहिल्याच दिवशी ते दोनदा म्हणून पाहिलं, मान हलवली आणि ‘भास्कर’ करून टाकलं. आठवड्याभरात पोस्टमनपासून दूधवालीपर्यंत सगळ्यांचा तो भास्कर झाला. ‘काय भास्करा, जेवलास का रे?’ या हाकेला तो जी शेपटी हलवतो, ती ऑस्कर म्हटल्यावर हलत नाही.

या जातीचं मूळ न्यूफाउंडलंड बेटावरच्या मच्छीमारांच्या कुत्र्यांत आहे. बर्फासारख्या पाण्यात उड्या टाकायच्या, निसटलेले मासे तोंडात धरून आणायचे, जाळ्याची दोरी ओढायची, ही त्यांची कामं. ब्रिटिशांनी त्यांना शिकार आणून द्यायला शिकवलं आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. म्हणजे घराणं दर्यावर्दी. हे सगळं मी अण्णांना कौतुकाने सांगितलं आणि थोड्याच दिवसांत पहिला पाऊस पडला.

पहिल्या पावसात पऱ्याला पाणी आलं की खेकडे वर चढतात. एक अंगण ओलांडून थेट ओटीवर आला आणि झोपाळ्याखाली बसला. भास्कर झोपेतून उठला, आळस दिला आणि पाहुण्याचा वास घ्यायला गेला. खेकड्याने दोन्ही डेंगे वर केले. कोकणातल्या कोणत्याही गावठी कुत्र्याला याचा अर्थ आईच्या दुधाबरोबर कळतो. भास्करला वाटलं, हात पुढे केलाय. त्याने पुण्याच्या रीतीने नाक पुढे केलं. पुढचे काही क्षण आवाजच नाही. नाकाला लटकलेला खेकडा घेऊन तो ताठ उभा, डोळे तिरळे करून नाकाच्या शेंड्याकडे बघतोय. बहुधा अशा प्रसंगी काय करायचं ते कागदात असेल, असं त्याला वाटत असावं. मग जी बोंब उठली ती वरच्या आळीपर्यंत गेली. अण्णा धावत आले, ओट्यावरचा तांब्या उचलून खेकड्यावर गार पाणी ओतलं, पकड सैल झाली तशी दोन बोटांनी पाठीमागून कवच धरून तो उचलला आणि ‘दर्यावर्दी हो!’ एवढंच म्हणून घरी घेऊन गेले. आरोपीचं त्याच संध्याकाळी कालवण झालं. फिर्यादी दोन दिवस नाक पाण्यात बुडवून बसला होता.

खरखरीत पाठीच्या भेकाचं प्रकरण त्यानंतरचं. भेकाच्या कातडीतून विषारी चीक सुटतो. चाटला की तोंडाला फेस येतो, आणि जास्त पोटात गेला तर प्रकरण गंभीर होतं. तोंड ताबडतोब भरपूर पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा, हे आम्ही शिकलो. भास्कर काही शिकला नाही. दर पावसाळ्यात एकदा तरी तो खात्री करून घेतो.

मात्र भुंकायला तो लवकर शिकला. म्हणजे भुंकणं त्याला येतच होतं, पण इथे येऊन त्यात तपशील आला. आता मी डोळे मिटून झोपाळ्यावर पडलो तरी कोण आलंय ते सांगू शकतो. माणूस असेल तर भुंकणं घसघशीत आणि औपचारिक, मध्ये शेपटीला वाव ठेवणारं. वानरं असतील तर आवाज वरच्या दिशेने जातो आणि सोबत धावपळ. घोरपडीसाठी भुंकणं कमी आणि कपारीत पंजा घालून रडगाणं जास्त. (तानाजीने सिंहगडावर लावली म्हणतात ती यशवंती कोणत्या वाणाची होती कोण जाणे. आमची घोरपड भास्करला पाहून स्वतःच कठड्यावरून घसरते.) मुंगसासाठी मात्र भुंकायला वेळच मिळत नाही. लहानपणी आम्ही मुंगसाला रामाची शपथ घालायचो, म्हणजे ते थांबून तोंड दाखवायचं. भास्कर शपथ घालू शकत नाही, त्यामुळे त्याला नेहमी शेपटीचंच दर्शन होतं.

आणि साप असेल तर भुंकणं एकाच जागी, तुटक, प्रत्येक भुंकण्याला एक पाऊल मागे. हा आवाज आला की घरातला माणूस हातातलं काम टाकून उठतो.

परवाच्या पावसात असा आवाज न्हाणीघराशी आला. आधी भास्करला पट्टा धरून मागे ओढला. मग बॅटरी मारली. कोपऱ्यात काळपट अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला एक लहानसा साप. आता असे पट्टे दोघांचे. एक कवड्या, बिनविषारी, पालींच्या मागावर घरात शिरणारा. दुसरा मण्यार, चावलेलं कळतही नाही आणि सकाळपर्यंत माणूस संपतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांमध्ये कोकणातला माणूस कुणाला सर्वांत जास्त भितो असं विचारलंत तर फुरसं म्हणेल, पण न्हाणीत बॅटरी धरून उभा असेल तर मण्यारच म्हणेल.

मग परिषद भरली. ही म्हणाली, पट्टे मानेपासून सुरू होतायत, म्हणजे कवड्या. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून बरंच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. अण्णा म्हणाले, ते खरं, पण मान कुठे संपते आणि अंग कुठे सुरू होतं हे सापाच्या बाबतीत ठरवायचं कुणी? मी पुस्तकात वाचलेलं सांगितलं की मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते. यावर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे होऊन ते खवले मोजायला त्यांची काही हरकत दिसली नाही. सर्पमित्राला फोन केला. तो म्हणाला, लांबूनच एक फोटो पाठवा. फोटोसाठी चष्मा आणायला मी आत गेलो. सापाला तेवढा वेळ पुरला. तो मोरीच्या भोकातून निघून गेला आणि आमच्या हातात एक गोणपाट, एक काठी आणि तीन मतं उरली. भोकाला त्याच रात्री जाळी बसवली. भास्कर मात्र पुढे दोन दिवस न्हाणीत जायला तयार नव्हता. आंघोळ टळली याचा त्याला आनंद झाला असावा, असा हिचा संशय आहे.

वानरांबद्दल हसून लिहिणं कोकणी माणसाला जरा जड जातं. पडवळ लावलं तर कळीतच खुडतात, शहाळी फोडून टाकतात, आणि कौलांवरून गेली की शाकारणी पुन्हा करायची. कितीतरी लोकांनी भाजी लावणंच सोडलंय. भास्करचं आणि त्यांचं नातं निराळं आहे. वानराची शेपटी त्याच्या धडापेक्षा लांब. ते फणसाच्या खालच्या फांदीवर बसून ती शेपटी अशी सोडतं की भास्करच्या उडीपेक्षा ती वीतभर वरच राहावी. तो उड्या मारतो. वानर दुसरीकडे बघत फणसाची भाजी खातं. तो दमून बसला की शेपटी किंचित खाली येते.

अण्णांनी यावर उपाय आणला होता. २०१९ साली कर्नाटकात शिवमोग्ग्याकडच्या एका शेतकऱ्याने माकडं पळावीत म्हणून आपल्या कुत्र्याला वाघाचे पट्टे रंगवले होते, पेपरात फोटोही आले होते. अण्णा केस काळे करायची पुडी घेऊनच आले. ‘पिवळा तर तो आहेच, नुसते पट्टे ओढायचेत!’ हिने ठाम नकार दिला. मुलाचा व्हिडिओ कॉल रविवारी असतो, आणि ऑस्करच्या जागी वाघ दिसला तर काय सांगायचं, हा तिचा मुद्दा. मला वेगळीच शंका होती. वानरं पळतील न पळतील, आरशासमोरून जाताना भास्कर नक्की पळाला असता.

रानडुकरापुढे तर आमच्या फौजेची अवस्था बोलायला नको. कर्नाटकातल्या आतकूरला राष्ट्रकूटांच्या काळातली एक शिळा सापडली आहे, साधारण ९४९ सालची. काली नावाच्या कुत्र्याने रानडुकराशी झुंज घेतली, दोघेही मेले, आणि त्या कुत्र्याच्या पूजेची तजवीज करून दगडावर लेख कोरला गेला. भास्करच्या नावाने शिळा उभी राहण्याची शक्यता मला तूर्त दिसत नाही. डुकरं परसात येतात त्या रात्री तो माजघरात माझ्या पलंगाखाली शिरून तिथून घराचं रक्षण करतो. सकाळी उकरलेल्या सुरणाच्या खड्ड्यांची मात्र अगदी बारकाईने पाहणी करतो, पंचनाम्याला आलेल्या माणसाच्या गांभीर्याने.

उदमांजराचा मामला नाजूक आहे. रात्री माळ्यावर कुणीतरी पाट ओढत नेल्याचा आवाज येतो तो त्याचा. सकाळी गडग्यावर भेरली माडाच्या बियांनी भरलेली विष्ठा असते, आणि त्यामुळे आमच्या गडग्याच्या कडेने, कुणी न लावता, भेरली माडांची रांग उगवून आली आहे. वृक्षलागवडीचा एवढा सातत्याचा कार्यक्रम मी दुसरा पाहिलेला नाही. पण खरी गंमत वासाची. मध्यरात्री घरभर एकदम आंबेमोहोर शिजल्याचा घमघमाट सुटतो. अण्णांच्या मते हा नागाचा वास. माझ्या मते माळ्यावरच्या भाडेकरूचा. सुवासिक तांदळाला ज्या रसायनाने वास येतो, तेच वाघ खुणेसाठी जो फवारा मारतो त्यातही असतं, असं रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. म्हणजे जंगलात भाताचा वास यायला पातेलंच लागतं असं नाही. भास्करला मात्र यातलं काही पटवता येत नाही. रात्री अडीच वाजता तो उठतो, आपला बाउल तोंडात धरून स्वयंपाकघरात येतो आणि लाळ गाळत उभा राहतो. भात शिजलाय आणि आम्ही लपवतोय, याबद्दल त्याची खात्री आहे.

हिवाळ्यात खाडीकडून कोल्हेकुई सुरू झाली की हा प्राणी कोड्यात पडतो. कान ताठ होतात, मान वर जाते, आणि घशातून एक लांब सूर निघतो, जो त्याला कुणी शिकवलेला नाही. मग तो चटकन माझ्याकडे बघतो. माझं एक मत आहे, ते शास्त्रात बसेल न बसेल. माणसांनी पक्षांतर शोधून काढायच्या कितीतरी आधी ते कुत्र्याने केलं. लांडग्याच्या गोटातून निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी तो आपल्याकडे आला. मंत्रिपद मिळालं नाही, शिळी भाकरी मिळाली, तरी परत गेला नाही. जे आले नाहीत, ते आणि त्यांची कोल्ह्यांसारखी चुलत घराणी, अजून रात्री कुंपणापलीकडून हाका मारतात. म्हणून तर हा आपल्यापेक्षा जास्त भुंकतो. घर माझं आहे की उदमांजराचं याबद्दल मी थोडा डळमळीत आहे. भास्करला शंका नाही. कुंपण कुठून कुठे जातं हे या घरात फक्त त्यालाच नक्की ठाऊक आहे. मोजणीवाल्याशी तो त्यावरून भांडलाही होता.

श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली तांब्या-काशाची काही शिल्पं सापडली. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा एक रथ. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची धरतात. रथात एक माणूस उभा आहे, आणि पुढे जुवाकडे जाणाऱ्या दांड्यावर एक कुत्रा. फोटो पाहिल्यापासून मला त्या कुत्र्याचं फार वाटतं. म्हैस, गेंडा आपापल्या चाकांवर गप उभे. हा एकटा रथाच्या दांड्यावर चढून उभा. त्याला तिथे काही काम असेल असं दिसत नाही. भास्करही आमच्या स्कूटरच्या फूटबोर्डावर असाच उभा राहतो.

एका पाहुण्याची वर्दी तो देत नाही. काही रात्री तो जेवण अर्धं टाकून आत येतो, शेपूट पायात, आणि दाराकडे पाठ करून बसतो. मग गावातलं एकही कुत्रं भुंकत नाही. दुसऱ्या दिवशी कळतं की वरच्या वाडीतलं कुत्रं गेलं, किंवा पलीकडच्या गावात विहिरीत बिबट्या पडलाय आणि वनखात्याचे लोक पिंजरा सोडतायत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. वजनाच्या हिशेबात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, आणि दुसरा नंबर मांजरांचा. बिबट्या उसात, वस्तीला खेटून राहतो आणि बरीचशी पोटपूजा आपल्या पाळलेल्या जनावरांवर करतो. हा अभ्यास मी भास्करला वाचून दाखवलेला नाही. त्याला तो माझ्याआधीपासून माहीत आहे. मी तो वाचला तेव्हापासून दिवेलागणीला भास्कर घरात, आणि पडवीला लोखंडी दार. दाराचा खर्च मुलाला कळवला आहे.

मुलाचं आता तिकडे बस्तान बसलंय. गेल्या रविवारी म्हणाला, ‘बाबा, ऑस्करला इकडे घेऊन यायचं बघतोय.’ भारतातून युरोपात कुत्रा न्यायचा तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग निदान महिन्याभराने रक्ततपासणी, आणि ती ठीक आली तरी पुढे तीन महिने थांबायचं. मी एवढ्या आस्थेने सगळे नियम लिहून घेतले की ही मला म्हणाली, ‘तुमचं हे असं चाललंय म्हणजे काही होणार नाही.’ डॉक्टर तालुक्याला, प्रयोगशाळा त्याहून लांब, आणि सध्या पावसाळा. शिवाय भेक निघायचे दिवस. अशा वेळी त्याला न्यायचं म्हणजे!

अण्णा तिथेच बसले होते. मुलगा म्हणाला, ‘अण्णा, इथे कुत्रा पाळायचा तर नगरपालिकेला दरसाल कर भरावा लागतो.’

‘कुत्र्यावर?’ अण्णांनी पान थुंकायला उठता उठता विचारलं. ‘मग त्यांच्या एका साहेबाला इकडे पाठवून दे बाळा. म्हणावं, वानरांवर बसवून दाखवा. वसूल झाला तर निम्मा तुमचा.’